स्ट्रेस, स्ट्रेन आणि बारा एमएमची सळई

घराचं बांधकाम चालू असलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "अहो काही होत नाही, एकदम मजबूत स्टील आहे". आता मजबूत म्हणजे नक्की काय हे कोणी सांगत नाही, आणि विचारायला गेलं तर इंजिनियर लोक स्ट्रेस, स्ट्रेन, मॉड्युलस असं काहीतरी बोलायला लागतात आणि समोरचा माणूस मान डोलावून विषय बदलतो. खरं तर विषय इतका अवघड नाहीये. डिप्लोमाला आणि बीईला एसओएम, म्हणजे स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, म्हणून जो पेपर असतो, ज्याला पोरं उगाच घाबरून असतात, त्याचा पाया म्हणजे दोन साधे भागाकार आहेत, चौथीच्या पोराला जमतील असे. गोंधळ होतो तो पुढे, ताकद आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच "मजबूत" मध्ये कोंबतो तेव्हा. म्हणून आपण एक काम करू, बारा एमएमची एक टीएमटी सळई घेऊ आणि तुटेपर्यंत ओढू. कागदावरच, पण आकडे खरे.

सळईवर एफई ५०० असं लिहिलेलं असतं बघा, किंवा नुसतं ५००. एफई म्हणजे लोखंड, आणि ५०० म्हणजे किलो वगैरे काही नाही, ५०० न्यूटन दर चौरस मिलीमीटरला. बारा एमएम जाडीच्या सळईचा छेद घेतला तर त्याचं क्षेत्रफळ येतं साधारण ११३ चौरस मिलीमीटर. ११३ गुणिले ५००, म्हणजे ५६,५०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ पावणेसहा टन. बोटाएवढी सळई आणि पावणेसहा टनापर्यंत ती कायमची लांब न होता ओढ सहन करते, हे पहिल्यांदा ऐकलं की बऱ्याच जणांना खोटं वाटतं.

आता वीस एमएमची सळई घ्या. तिचं क्षेत्रफळ ३१४, तर ती पेलणार सोळा टन. मग वीस एमएमचं स्टील जास्त मजबूत का? नाही ना, माल तोच आहे, फक्त जास्त आहे. म्हणून नुसता जोर किती लावला हे सांगून मटेरियलबद्दल काहीच कळत नाही, तो जोर किती जागेवर वाटला गेला हे बघावं लागतं, आणि दर चौरस मिलीमीटरच्या वाट्याला जेवढा जोर आला तो म्हणजे स्ट्रेस. जोर भागिले क्षेत्रफळ. झाला पहिला भागाकार. आपल्या सळईला दोन टन ओढ दिली, म्हणजे साधारण २०,००० न्यूटन, तर स्ट्रेस आला १७७. याचं एकक मेगापास्कल, बोलताना सगळे एमपीए म्हणतात. एक एमपीए म्हणजे एका चौरस मिलीमीटरवर एक न्यूटन, आणि एक न्यूटन म्हणजे अंदाजे शंभर ग्रॅमचं वजन. जुने मिस्त्री आणि मेकॅनिक अजून केजी पर सेंटीमीटर स्क्वेअर मध्ये बोलतात, त्यांच्यासाठी एक एमपीए म्हणजे साधारण दहा. म्हणजे ५०० एमपीए हे असं झालं की सव्वा मिलीमीटरपेक्षाही बारीक अशी एक तार आणि तिला पन्नास किलोचा माणूस लटकलाय.

याच भागाकारातून एक मजेशीर गोष्ट निघते. समजा सळई वरून टांगली आणि खाली वजन काहीच लावलं नाही, तर स्वतःच्याच वजनाने ती कधी हार मानेल? एफई ५०० साठी हिशोब केला तर लांबी येते साडेसहा किलोमीटर, कळसूबाई १६४६ मीटरचं आहे, तर चार कळसूबाई एकावर एक ठेवा. आणि यात सळई बारा एमएमची की बत्तीसची याने काही फरक पडत नाही, कारण जाडी वाढली की वजन वाढतं आणि तेवढंच क्षेत्रफळही वाढतं, दोन्ही कटतात. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या पुस्तकात तांब्याच्या तारेचा असाच हिशोब मांडला होता, म्हणजे स्ट्रेस हा शब्द आजच्या अर्थाने वापरात यायच्या कितीतरी आधी.

बरेच जण इथे विचारतात की मग हे प्रेशरच झालं की, एकक पण तेच. एकक तेच आहे, पण प्रेशर बाहेरून दाबतं आणि पाण्यात वगैरे सगळ्या बाजूंनी सारखंच असतं. स्ट्रेस वस्तूच्या आत असतो. तो बघायचा तर मनातल्या मनात सळई कापायची आणि विचारायचं की या कापलेल्या तोंडावर डावा तुकडा उजव्या तुकड्याला किती जोराने धरून आहे. ही काल्पनिक कापायची कल्पना नीट मांडली ती फ्रान्सच्या कोशीने, १८२२ मध्ये. आणि त्याच्यातली खरी गोम अशी की तुम्ही कसं कापता त्यावर उत्तर बदलतं. सरळ आडवी कापली तर त्या तोंडावर फक्त ओढ दिसते. तिरकी कापली तर थोडी ओढ आणि थोडी घसरण, म्हणजे एक तुकडा दुसऱ्यावरून सरकायला बघतोय, त्याला शिअर म्हणतात. ४५ अंशात कापली तर ही घसरण सगळ्यात जास्त असते, ओढीच्या बरोब्बर निम्मी. सळई तीच, जोर तोच, फक्त बघायचा कोन बदलला.

हे पटत नसेल तर एक खडू घ्या, शाळेतला साधा पांढरा, आणि दोन्ही हातांनी पिळून तोडा. वाकवायचा नाही, फक्त पिळायचा. तो सरळ तुटत नाही, साधारण ४५ अंशात गोल फिरत गेलेला तिरका तुकडा पडतो. कारण पिळताना आत वेगवेगळ्या कोनांवर वेगवेगळं काय काय चालू असतं, आणि खडूला ओढ अजिबात सहन होत नाही, तर ज्या कोनावर ओढ जास्त त्या कोनावर तो फाटतो. बिडाचा म्हणजे कास्ट आयर्नचा तुकडा पण असाच तुटतो. पण माइल्ड स्टीलचा रॉड पिळून तोडला तर तो सपाट, चाकूने कापल्यासारखा तुटतो, कारण स्टीलचं दुखणं ओढ नाही, शिअर आहे. नुसत्या तुटलेल्या तोंडाकडे बघून जाणकार माणूस सांगतो की माल ठिसूळ होता की चिवट, ते यावरूनच.

आता दुसरा भागाकार. आपली सळई दोन टनाने ओढली तर ती लांब होते, एक मीटरची असेल तर ०.८८ मिलीमीटरने. दहा मीटरची घेतली तर ८.८ मिलीमीटरने. परत तोच प्रश्न, दहा मीटरवाली जास्त ताणली का? नाही, तिच्यात ताणायला माल जास्त होता. म्हणून जेवढी वाढली त्याला मूळ लांबीने भागायचं, ०.०००८८ आलं, दोन्हीला सारखंच. हा स्ट्रेन. याला एककच नाही, मिलीमीटर भागिले मिलीमीटर, सगळं कटलं. इतके लहान आकडे बोलायला कंटाळा येतो म्हणून दशलक्षांशात बोलतात, मायक्रोस्ट्रेन, तर हा झाला ८८० मायक्रोस्ट्रेन.

एक गोष्ट पुस्तकात ठळक लिहीत नाहीत पण माझ्या मते तिथूनच सुरुवात करायला पाहिजे. स्ट्रेस कोणी कधी डोळ्याने बघितलेला नाहीये आणि तो थेट मोजायचं मीटर पण नाही. दिसतो तो स्ट्रेन, मोजता येतो तो स्ट्रेन, आणि त्याच्यावरून आपण आत स्ट्रेस किती असेल ते काढतो. पूल असो, विमानाचा पंख असो, त्याच्यावर पातळ पट्टीसारखे स्ट्रेन गेज चिकटवतात, पट्टी ताणली की तिच्यातल्या तारेचा रेझिस्टन्स किंचित बदलतो आणि त्यावरून किती ताणली ते कळतं. फार लांब जायची गरज नाही, किराणा दुकानातला डिजिटल काटा घ्या. त्याच्या ताटाखाली बहुतेक वेळा एक ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो, त्याच्यावर असेच गेज चिकटवलेले असतात. तुम्ही अर्धा किलो तूरडाळ ठेवता, ठोकळा डोळ्याला कधी दिसणार नाही इतका वाकतो, गेज ताणतात, आणि काटा ५०० ग्रॅम दाखवतो. म्हणजे दुकानदार आपल्याला डाळ नाही, ॲल्युमिनियमचा स्ट्रेन मोजून देतोय.

स्ट्रेस आणि स्ट्रेन कायम जोडीनेच फिरतात असंही नाही, आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण रेल्वेच्या रुळाचं. स्टील दर डिग्रीला आपल्या लांबीच्या दशलक्षांश बारा भाग वाढतं. मोकळा रूळ उन्हात ठेवला आणि तो ३० डिग्रीने तापला तर एक किलोमीटरला ३६ सेंटीमीटर वाढेल, म्हणजे स्ट्रेन आहे, पण आत स्ट्रेस शून्य, कारण त्याला कोणी अडवलंच नाही. आता पूर्वी रुळाच्या तुकड्यांमध्ये फट ठेवायचे, गाडीचा तो खटक-खटक आवाज त्याचाच. आता लांबच लांब वेल्डिंग केलेले रूळ असतात, स्लीपरला घट्ट पकडलेले, खाली खडी, तर मधल्या भागात रुळाला वाढायला जागाच नाही. लांबी बदलली नाही, म्हणजे बाहेरून बघितलं तर स्ट्रेन शून्य, पण आत? वाढायचं होतं आणि वाढू दिलं नाही, तर तेवढं दाबून धरल्यासारखंच झालं, हिशोब केला तर ७२ एमपीए. ऐकायला कमी वाटतं. पण साठ किलोच्या रुळाचं, म्हणजे ज्याचं वजन मीटरला साठ किलो असतं त्याचं, क्षेत्रफळ जवळपास ७७ चौरस सेंटीमीटर असतं, तर एका रुळात ५५ टनांच्या आसपास दाब बसला, तोही वरून एकही गाडी न जाता. म्हणून उन्हाळ्यात दुपारी गँगवाले रुळावर गस्त घालतात, रूळ बाजूला सटकून वाकडा होऊ शकतो, आणि थंडीत उलटं, आखडायचं असतं पण आखडता येत नाही, ओढ बसते, तडा जायची भीती. रूळ पक्के करताना तापमान मुद्दाम अधलंमधलं बघून करतात ते यासाठी, म्हणजे दोन्हीकडे थोडं थोडं वाटलं जातं.

बरं, आता जोर वाढवत नेला तर सळई किती लांबते? रॉबर्ट हुक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने हे शोधलं पण दुसऱ्याने चोरू नये म्हणून १६७६ मध्ये उत्तर अक्षरांची सरमिसळ करून छापलं, नुसती एबीसीडी लावलेली अक्षरं, आणि दोन वर्षांनी १६७८ मध्ये फोड करून सांगितली. लॅटिनमध्ये होतं, अर्थ एवढाच की जेवढी ओढ तेवढी वाढ. दुप्पट ओढलं तर दुप्पट लांबेल. स्ट्रेस भागिले स्ट्रेन केलं की ठरावीक आकडा येतो, त्याला यंगचं मॉड्युलस म्हणतात, थॉमस यंगच्या १८०७ च्या लिखाणावरून, जरी ऑयलर वगैरे मंडळींनी त्याच्या आधीच ते काम केलं होतं. लिहिताना त्याला "ई" म्हणतात. स्टीलचा ई दोन लाख एमपीए. ॲल्युमिनियमचा सत्तर हजार. काचेचा पण साधारण सत्तर हजार, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एम २५ काँक्रीटचा, म्हणजे २५ एमपीए ताकदीच्या, आयएस ४५६ या आपल्या काँक्रीटच्या भारतीय कोडमधल्या सूत्राने पंचवीस हजार. अकरावीच्या फिजिक्सला तो लाडका प्रश्न असतो ना, स्टील जास्त इलास्टिक की रबर, त्याचं उत्तर स्टील असं शिकवतात ते याच अर्थाने, तेवढाच स्ट्रेन आणायला स्टीलला कितीतरी जास्त जोर लागतो.

आणि इथे तो गोंधळ येतो ज्याच्यासाठी एवढं सगळं लिहिलं. ई म्हणजे ताकद नाही. ई म्हणजे ताठपणा, किती ओढलं तर किती लांबेल. ताकद म्हणजे कुठे हार मानेल. जुनं साधं गोल स्टील २५० चं, मग आलं ४१५, मग ५००, ५५०, ताकद दुप्पट झाली. ई? दोन लाखच. अजिबात हलला नाही. का, तर ताठपणा अणू एकमेकांना किती घट्ट धरून आहेत त्यावर ठरतो आणि लोखंडाचे अणू लोखंडाचेच आहेत, तर ताकद ठरते स्टील कसं थंड केलं, कार्बन किती, आतले कण कसे बसलेत यावर. टीएमटी मध्ये तर तेच करतात, जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये लालभडक सळई बाहेर पडते आणि तिच्यावर पाण्याचा जोरात मारा होतो, बाहेरचं कवच एकदम थंड होऊन कडक होतं आणि आतला गाभा हळूहळू निवत मऊच राहतो. ताकद वाढली, चिवटपणा राहिला, ताठपणा होता तेवढाच.

याचा घरमालकाला काय उपयोग? तर स्लॅब खाली वाकतोय, पंखा लावला की हलल्यासारखं वाटतं, तर भारी ग्रेडचं स्टील टाका असा सल्ला कोणी दिला तर तो चुकीचा आहे. उलट होऊ शकतं. ग्रेड वाढवली की डिझायनर सळया कमी करतो, कारण आता प्रत्येक चौरस मिलीमीटर जास्त ओढ घेणार, म्हणजे स्ट्रेस जास्त, आणि ई तोच असल्यामुळे स्ट्रेनही जास्त, म्हणजे स्टील जास्त लांबणार, म्हणजे आजूबाजूच्या काँक्रीटच्या चिरा मोठ्या होणार आणि स्लॅब थोडा जास्तच वाकणार. आयएस ४५६ मध्ये स्लॅबची जाडी ठरवताना स्टीलमध्ये किती स्ट्रेस आहे ते बघायला सांगतात ते यामुळे. वाकणं कमी करायचं तर जाडी वाढवा, ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे जाडी फक्त दहा टक्के वाढवली तर साध्या हिशोबाने ताठपणा ३३ टक्के वाढतो. असला सौदा दुसरीकडे कुठे मिळत नाही.

काँक्रीट आणि स्टील एकत्र कसे काम करतात ते पण याच दोन भागाकारातून कळतं. दोघं एकमेकांना चिकटलेले, म्हणून एक जेवढं दबलं तेवढंच दुसरं, स्ट्रेन सारखा. पण स्टीलचा ई आठपट, तर त्याच स्ट्रेनला स्टीलमध्ये स्ट्रेस आठपट. कॉलममध्ये काँक्रीटवर ५ एमपीए असेल तर शेजारच्या सळईत ४०. न सांगता, न विचारता, जो ताठ आहे तो जास्त भार उचलतो (घरातही तसंच असतं म्हणा). आता हेच ओढीत बघा. काँक्रीट दाबायला उत्तम पण ओढायला एकदम कच्चं, लांबीच्या दहा हजारात एखाद-दीड भाग ताणलं की चिरतं. आणि बीमच्या खालच्या सळईत रोजच्या वापरात हजारात एक भाग स्ट्रेन सहज असतो. म्हणजे आजूबाजूचं काँक्रीट तिच्या बरोबर जाऊच शकत नाही, चिरणारच. आरसीसी बीमच्या खालच्या बाजूला केसासारख्या बारीक चिरा असणं हे डिझाइनमध्ये धरलेलंच असतं, साध्या वातावरणात ०.३ मिलीमीटरपर्यंत चालतं असं कोड म्हणतो. त्यापेक्षा रुंद झाली, तिरकी गेली, वाढत चालली किंवा गंजाचा तांबडा डाग दिसला तर मात्र स्वतः ठरवत बसू नका, स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा.

आता सळई तोडायचं राहिलंच. लॅबमध्ये यूटीएम म्हणून मशीन असतं, दोन जबड्यात सळई धरायची आणि ओढत राहायचं, एकीकडे स्ट्रेन आडवा आणि स्ट्रेस उभा असा ग्राफ येतो. सुरुवातीला सरळ रेष, हुक म्हणतो तशी. या भागात जोर काढला तर सळई परत होती तेवढी होते. ५०० च्या आसपास, म्हणजे मीटरला अडीच मिलीमीटर लांबल्यावर, रेष मोडते आणि स्टील "वाहायला" लागतं, जोर फार न वाढता लांबी वाढत जाते, याला यील्ड म्हणतात. माइल्ड स्टीलमध्ये हे अगदी स्पष्ट दिसतं. जुन्या पिळाच्या सळईत, ज्याला लोक टॉर स्टील म्हणायचे, ते स्पष्ट दिसत नाही, रेष नुसती हळूच वळते, म्हणून तिथे ०.२ टक्के कायमची वाढ जिथे राहील तो बिंदू यील्ड मानायचा असा नियम केलाय.

यील्डच्या पुढे गेलं की परतीचा रस्ता बंद, पण पूर्ण बंद नाही. जोर काढला की तेवढा इलास्टिक भाग परत येतो, बाकीचा राहतो. बीम-कॉलमच्या रिंगा वाकवणारा फिटर हे रोज बघतो, सळई ९० अंशात वाकवून सोडली की ती थोडीशी उघडते, म्हणून तो मुळातच थोडी जास्त वाकवतो. त्याला ई माहीत नसेल पण ई किती परत घेतो ते त्याच्या हाताला माहीत असतं.

पुढे ओढलं की स्टील परत कडक व्हायला लागतं, ग्राफ हळूहळू चढतो, एका ठिकाणी शिखर येतं, ती अल्टिमेट ताकद. एफई ५०० ला ती किमान ५४५ हवी. आणि मग गंमत, सळई एका जागी बारीक व्हायला लागते, मान पडते म्हणतात, आणि ग्राफ खाली उतरतो, मग फट्ट असा मोठा आवाज होऊन तुटते. पोरांना इथे हमखास प्रश्न पडतो की तुटताना स्ट्रेस कमी कसा झाला, कमी स्ट्रेसला तुटली कशी? कमी झालेलाच नसतो. आपण आळशीपणाने जोराला मूळच्या ११३ ने भागत बसलोय, आणि तिथे मानेत सळई ११३ राहिलेलीच नाहीये, कितीतरी बारीक झालीये. मानेच्या खऱ्या क्षेत्रफळाने भागलं तर स्ट्रेस तुटेपर्यंत वाढतच गेलेला दिसतो.

तुटल्यावर दोन तुकडे जोडून ठेवतात आणि किती लांबली ते मोजतात. बारा एमएमला ६० मिलीमीटरच्या खुणा केलेल्या असतात, त्या आता समजा ७० झाल्या तर १६-१७ टक्के. हा आकडा मला ५०० पेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि दुकानात कोणीच विचारत नाही. आयएस १७८६, म्हणजे सळयांच्या भारतीय मानकाप्रमाणे, एफई ५०० ला किमान १२ टक्के, आणि एफई ५०० डी ला १६. तो डी म्हणजे डक्टाइल, चिवट. यील्डची ताकद दोघांची सारखीच, पण डी वाला तुटायच्या आधी जास्त लांबतो. भूकंपात इमारतीला नुसता जोर नाही सहन करायचा, हलून हलून ऊर्जा जिरवायची असते, आणि ती जिरते सळई यील्डच्या पुढे लांबते त्याच भागात. सरळ रेषेत जेवढी लांबली तेवढी परत आली, तिथे काहीच जिरलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला पडली ती बहुतेक घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची होती. दगड दाबायला कितीही भारी असला तरी दोन दगडांच्या मधल्या मातीला ओढ जवळपास शून्य सहन होते, आणि चिवटपणा तर नाहीच, त्यामुळे भिंतीची जाडी उपयोगाची नाही ठरली, उलट वजन वाढलं. काचेचा ई ॲल्युमिनियमएवढा असून काच का फुटते आणि ॲल्युमिनियमचं भांडं का चेपतं, त्याचं उत्तरही इथेच आहे, ग्राफचा हा लांब भाग काचेला नसतोच.

एक लहान गोष्ट राहिली, सळई लांबताना थोडी बारीकही होते, स्टील लांबीच्या स्ट्रेनच्या ०.३ पट. याला प्वासोंचं गुणोत्तर म्हणतात. रबराचं जवळपास ०.५ आणि बुचाचं शून्याच्या आसपास, म्हणून बाटलीत बूच दाबून बसवता येतं, रबर दाबलं की फुगून अडकतं. बस.

मग डिझाइन करताना ५०० धरतात का? नाही. सळईच्या ५०० ला १.१५ ने भागून ४३५ धरतात, काँक्रीटच्या ताकदीला १.५ ने भागतात, कारण सळई कारखान्यात बनते आणि काँक्रीट साइटवर, जिथे पाणी किती टाकलं हे त्या दिवशीच्या मूडवर असतं. वरून वजन पण नेहमीच्या हिशोबात दीडपट धरतात. हे सगळं धरून चालतं की स्ट्रेस छेदावर सारखा वाटला गेलाय.

आणि तो नेहमी सारखा वाटला जात नाही. जोर भागिले क्षेत्रफळ हा सरासरी आकडा आहे. रुंद पट्टीला मधोमध गोल भोक पाडलं तर भोकाच्या कडेला स्ट्रेस लांबच्या भागापेक्षा तिप्पट होतो, आणि विशेष म्हणजे भोक लहान पाडलं म्हणून हे तिप्पट कमी होत नाही, फक्त ती तिप्पटची जागा लहान होते. भोकाऐवजी टोकदार खाच असेल तर आणखी वाईट, जेवढं टोक अणकुचीदार तेवढा स्ट्रेस जास्त. शाम्पूच्या पुडीला कडेला ती छोटी खाच असते ती याचसाठी, नाहीतर तो प्लास्टिक नुसत्या हाताने फाटत नाही, दातच लावावे लागतात. चिवट माल असेल तर टोकाशी थोडा यील्ड होऊन निभावून नेतो, ठिसूळ असेल तर चीर तिथून सुटते ती थांबत नाही. म्हणूनच फॅब्रिकेशनवाले पत्र्यात किंवा मशीनच्या बॉडीत चीर दिसली की वेल्डिंग करायच्या आधी चिरेच्या टोकाला ड्रिलने एक गोल भोक मारतात. बघणाऱ्याला वाटतं हा माणूस आधीच फाटलेल्या पत्र्यात अजून भोक कशाला पाडतोय, पण अणकुचीदार टोकाला जिथे स्ट्रेस कितीतरी पट होता तिथे आता गोल भोकामुळे तो बराच कमी झालेला असतो, आणि त्यामुळे चीर पुढे जायची थांबते, फक्त भोक चिरेच्या खऱ्या टोकावरच पडलं पाहिजे, दोन मिलीमीटर अलीकडे पडलं तर काही उपयोग नाही, म्हणून आधी डाय, म्हणजे चिरेत शिरणारा रंगीत द्रव, टाकून टोक कुठे आहे ते शोधतात.